एक दिवसाआडची गोळी

मी नर्स आहे आणि मला चटकन राग येतो, हे आधीच सांगून टाकते. वीस-बावीस वर्षं नाशिकच्या वॉर्डांत काढली. पेशंटपेक्षा त्यांच्या नातेवाइकांवर मी जास्त ओरडले असेन. मग कंबर गेली, पायांच्या शिरा फुगल्या आणि वॉर्ड सोडून मी रक्तदाबावरच्या एका अभ्यासात कामाला लागले. काम साधं होतं. ज्यांचा रक्तदाब जास्त आहे त्यांच्या घरी दर चार आठवड्यांनी जायचं, बीपी मोजायचा, जुन्या डब्यात किती गोळ्या उरल्या ते बघायचं, नवा डबा द्यायचा आणि सगळं फॉर्मवर उतरवायचं. गोळी नेहमीचीच, सरकारी दवाखान्यातही तीच मिळते. घरी नर्स येत राहिली तर माणसं गोळ्या नीट घेतात का आणि बीपी आटोक्यात राहतो का, एवढंच बघायचं होतं. अंबडला आमचं घर, तिथून सकाळी निघून मी निफाड-विंचूरकडची गावं करायचे. मला वाटलं होतं, आता निवांत.

ते घर विंचूरच्या अलीकडे, फाट्यावर उतरून आत दीड-दोन किलोमीटर चालत. पुढे पत्र्याची पडवी, बाजूला कांदा साठवायची चाळ. घरात दोन जावा. थोरली साठीला टेकलेली. नवरा बांधावर काम करता करताच हार्ट अटॅकने गेलेला, दोन्ही मुली सासरी. धाकटी पन्नाशीची, आणि तिचा नवरा घरातला एकटा कर्ता पुरुष. धाकटी थोरलीला आक्का म्हणायची आणि तिला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायची नाही. मला सुरुवातीला ते नाटक वाटलं. जावा-जावांचं इतकं गूळपीठ मी कुठे पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी दोघींचाही बीपी मोजला. धाकटीचा वरचा आकडा एकशे चौसष्ट. थोरलीचा एकशे अठ्ठ्याऐंशी आणि खालचा एकशे दहा. तिला विचारलं, काही त्रास होतो का, तर म्हणाली, "काही नाय ओ शिस्टर. डोकं जरा जड राहतं. उन्हाचं आसंल." महिना माघाचा होता आणि अंगावर तिने शाल घेतलेली होती.

दोघींनाही औषधाची गरज होती. पण आमचा नियम असा की एका घरातून एकच माणूस घ्यायचा. जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या. नियम का, तर एका घरात दोन डबे गेले की गोळ्यांची सरमिसळ होते आणि मोजदाद बिघडते. हे प्रशिक्षणात आम्हाला चांगलं घोकून घेतलं होतं. मी फॉर्मच्या पाठकोऱ्या कागदावर दोघींची नावं लिहिली, घड्या घातल्या, वाटीत टाकल्या आणि वाटी थोरलीपुढे धरली. घरात ती मोठी, म्हणून. तिने डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन चिठ्ठी उचलली आणि माझ्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं.

मी चिठ्ठी उघडली. धाकटीचं नाव होतं.

त्या क्षणी मला खोटं वाचता आलं असतं. कोणाला कळलं नसतं. एकशे अठ्ठ्याऐंशी माझ्या डोळ्यांसमोर होते. पण मी नियमाची बाई. जे लिहिलं होतं तेच वाचलं. थोरली हसली आणि धाकटीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं, तुझीच निघाली." थोरलीला मी आरोग्य केंद्राच्या नावाची चिठ्ठी लिहून दिली. तिथे जा, तपासून घ्या, गोळ्या फुकट मिळतात, असं दोनदा बजावलं. तिने ती चिठ्ठी देव्हाऱ्यातल्या फोटोमागे नीट ठेवली. तिथेच ती राहिली.

धाकटीला मी एक कॅलेंडर दिलं. गोळी घेतली की त्या तारखेवर खूण करायची. पेन घरात सापडेल याची खात्री नव्हती, म्हणून म्हटलं, कुंकवाचं बोट लावा. तिला ते फार आवडलं.

पहिल्या फेरीला गेले. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं माणसाने खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, गप्प बसायचं असतं. बोललं की आकडा चढतो. पण आक्का उभी असताना धाकटी खुर्चीत बसेना. शेवटी मी थोरलीलाही शेजारच्या खुर्चीत बसवलं. आता दोघी शेजारी शेजारी बसल्यावर गप्प कशा राहणार? म्हशीने दूध कमी केलं, अमकीच्या सुनेला माहेरी पाठवलं का, चाळीचा पत्रा वाजतोय. मी डाफरायचे, घड्याळ परत लावायचे. "मावशी, तोंडाला कुलूप!" त्या पदर तोंडावर धरून हसायच्या आणि एक मिनिटाने परत सुरू. पाच मिनिटांची पंधरा व्हायची.

धाकटीचं झालं तसा थोरलीने पदर बाजूला करून आपला दंड पुढे केला. पहिल्या फेरीला मी तिचाही मोजला. ऑफिसला परत गेल्यावर वरिष्ठ बाईंनी विचारलं, मशिनच्या मेमरीत हा जास्तीचा आकडा कोणाचा? अभ्यासाबाहेरच्या माणसाचा या मशिनवर मोजायचा नाही, आकडे बिघडतात. मला चारचौघांत बोलणी बसली. माझा पारा चढला, आणि चढला तो चुकीच्या माणसावर. पुढच्या फेरीला थोरलीने दंड पुढे केला तेव्हा मी कफ गुंडाळत म्हणाले, "तुमचा नाही मावशी. यांचाच." तिने हात हळूच मागे घेतला आणि पदराखाली लपवला, जणू काही मागायला नको ते मागितलं होतं. माझ्याकडे वॉर्डातलं जुनं बीपीचं यंत्र घरी कपाटात पडून होतं. ते बॅगेत टाकायला मला काय धाड भरली होती? रोज निघताना आठवायचं आणि रोज राहायचं.

धाकटीच्या डब्यात एकही गोळी उरत नव्हती. अठ्ठावीस दिल्या, अठ्ठावीस संपल्या. मीटिंगमध्ये मी मिरवायचे की माझ्या गावात गोळ्या उरत नाहीत. फक्त तिचा बीपी काही केल्या उतरत नव्हता. थोडा खाली यायचा, परत वर. तीन फेऱ्या झाल्या तशा. अभ्यासाचे डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी असाच आला तर गोळीची ताकद वाढवू.

चौथ्या फेरीला उन्हाळी कांदा चाळीत भरायचं काम चालू होतं. धाकटी हात धुऊन येईपर्यंत मी पडवीत थांबले होते आणि सहज कॅलेंडरकडे बघितलं. रोज एक खूण होती. पण एक तारीख लाल, एक पिवळी. लाल, पिवळी, लाल, पिवळी, महिनाभर. आधीच्या महिन्यांची पानं उलटून बघितली. तसंच. इतके दिवस मी फक्त खुणा मोजल्या होत्या, रंग बघितलाच नव्हता.

धाकटी आली तशी विचारलं, "मावशी, हे पिवळं काय आहे?"

"हळद हाय. कुंकू संपलं की काय असं वाटलं व्हय तुमाला?" ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू गेलं. "लाल माझी आन् पिवळी आक्काची. आक्काला कुंकू चालत नाय ना, म्हणून हळद. एक दिस मी घेते, एक दिस ती. आमचं सगळंच निम्मं-निम्मं हाय शिस्टर. एक चूल हाय. मी एकटीच कशी खाऊ?"

मी तिथेच ओरडले. जे तोंडाला येईल ते बोलले. ही प्रसादाची साखर नाही वाटून खायला. ही रोज लागते. एक दिवसाआड घेतली तर दोघींनाही पुरत नाही, तुमचाही उतरत नाही आणि यांचाही नाही. थोरली चाळीतून आली आणि खाली मान घालून ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिला नका बोलू. मीच हावरी. मला त्या गोळीनं डोकं हलकं लागायचं."

मी विचारलं, आरोग्य केंद्रात का गेला नाहीत? तर दोघींचं ठरलेलं उत्तर होतं. तिथली गोळी सरकारी आणि ही मोठ्या अभ्यासाची, ही भारी असणार. गोळी तीच आहे हो, तीच आहे, असं मी किती वेळा सांगितलं. त्यांनी माना डोलवल्या. पटलं नाही, हे मला दिसत होतं.

आता माझी पंचाईत. खरं लिहिलं तर धाकटी अभ्यासातून बाहेर, डबा बंद, माझ्या फेऱ्या बंद. मग दोघींनाही काहीच नाही. नाही लिहिलं तर मी खोटारडी. फॉर्मवर दोन रकाने होते, उरलेल्या गोळ्या आणि चुकलेल्या गोळ्या. दोन्हीत मी शून्य लिहिलं. डब्यात उरलेलं शून्य खरंच होतं, चुकलेल्यांचं खोटं. थोरलीला म्हणाले, मंगळवारी मी माझी रजा टाकून येते, तुम्हाला स्वतः आरोग्य केंद्रात नेते. तोवर धाकटीने रोज घ्यायची. धाकटी म्हणाली, "आन् तोवर आक्काला?" गोळी लिहून द्यायचा अधिकार मला नाही. अभ्यासाच्या डॉक्टरांना आडून विचारलं, घरातल्या दुसऱ्या बाईचं काय करायचं, तर ते म्हणाले, त्या आपल्या नाहीत ना, मग केंद्रात पाठवा. आपल्या नाहीत, हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. मीही आधी तसंच म्हणाले होते.

थोरलीचा आकडा मला त्या दिवशीही माहीत नव्हता, कारण जुनं यंत्र कपाटातच होतं. दुसऱ्या दिवशी ते आठवणीने बॅगेत ठेवलं.

मंगळवार आला नाही. सोमवारी निरोप आला की बाहेरून तपासायला माणसं येणार, सगळे फॉर्म लावून ठेवा, रजा रद्द. मी धाकटीच्या नवऱ्याला फोन करून विनवलं की तुम्ही तरी घेऊन जा. तो म्हणाला, कांदा उघड्यावर पडलाय, दोन दिवस द्या, मग नेतो. तो वाईट माणूस नव्हता. मी म्हटलं, शुक्रवारी मी येतेच. दिवसभर बसून त्या खोट्या शून्याचे फॉर्म मी फाइलीत ओळीने लावले. तपासायला आलेल्यांनी माझं अक्षर चांगलं आहे असं म्हटलं.

गुरुवारी सकाळी मी स्टॉपवर बसची वाट बघत होते. धाकटीचा फोन आला. नुसतं रडणं. मग, "आक्का बोलंना. त्वांड वाकडं झालंय. उजवा हात उचलंना."

वॉर्डात असे किती पेशंट घेतले असतील, पण फोनवर मी किंचाळत होते. तिला कुशीवर झोपवा. तोंडात काही घालू नका, पाणी नको, काही नको. थेट नाशिकला आणा, कुठे थांबू नका.

धाकटी म्हणाली, "गोळी दिली मी. आजची तिची दिली आन् माझी पण दिली. दोन दिल्या. पाणी बाहेरच येतंय."

कांद्याच्या पिकअपमध्ये गादी टाकून तिला निफाडपर्यंत आणलं, पुढे अँब्युलन्स. मी दवाखान्याच्या दारात उभी होते. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. स्कॅन मला वाचता येतो, यासारखं दुर्दैव नाही. डॉक्टर धाकटीच्या नवऱ्याला समजावत होते, बघू, प्रयत्न करू, आणि मला एका नजरेत कळलं होतं की काही उरलेलं नाही.

मी चार दिवस तिथे होते. ऑफिसला आजारी आहे म्हणून कळवलं. तिथल्या नर्स मुली माझ्या ओळखीच्या, त्यांनी मला करू दिलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, टाचांखाली घडी ठेवायची. ओल्या कापसाने तोंड पुसायचं, ओठांना तूप लावायचं, डोळ्यांत थेंब टाकायचे. सगळं मी इतकं नीट केलं की बघणाऱ्याला वाटावं, ही माझी आईच आहे. ज्या बाईच्या दंडाला मी दोन मिनिटं दिली नाहीत, तिच्या दंडाला आता कफ कायमचा बांधलेला होता. मशिन आपोआप फुगायचं आणि दर पंधरा मिनिटांनी तिचा बीपी मोजायचं. दोनशे दहा. एकशे अठ्ठ्याण्णव. दोनशे चार. प्रत्येक आकडा चार्टवर उतरत होता. आता कोणी विचारत नव्हतं की ही बाई अभ्यासात आहे की नाही.

मला तिथे जीव द्यावासा वाटत होता. ते मी कोणाला सांगितलं नाही. घरी नवऱ्याने विचारलं तर म्हटलं, एक ओळखीची पेशंट आहे. एकदाच, अंग पुसताना, तिच्या कानाशी वाकून मी म्हणाले, "मावशी, तुमचाच मोजतेय बघा." तिला ऐकू गेलं असेल असं मी मानत नाही. स्वतःची समजूत घालण्याइतकी मी भोळी नाही.

धाकटीला दिवसातून दोन वेळा दहा मिनिटं आत सोडायचे. ती आक्काची बोटं धरून उभी राहायची आणि मला एकच विचारायची, "दोन दिल्या म्हणून झालं का शिस्टर? मी दोन दिल्या म्हणून?" मी नाही म्हणायचे. शपथेवर नाही म्हणायचे, आणि ते खरंही होतं. कशामुळे झालं ते मला माहीत होतं, त्यात तिचा वाटा सगळ्यात कमी होता. पण तेवढं पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. चौथ्या दिवशी दुपारी थोरली गेली.

तेरावं झाल्यावर मी फेरीला गेले. मोजलं काहीच नाही. धाकटीच्या हातात नवा डबा दिला, रोज एक, चुकवू नका, एवढं म्हणाले आणि उठले. तिनेही चहाचं विचारलं नाही. ऑफिसात जाऊन मी वरिष्ठ बाईंना सगळं सांगितलं, रंगीत खुणांपासून शून्यापर्यंत. त्या म्हणाल्या, जुन्या फॉर्मबरोबर तसं लेखी जोडा, आणि ती बाई अभ्यासात राहू दे, तिला आता तरी गोळी मिळू दे. मला वाटलं होतं काढून टाकतील. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतरची फेरी. पावसाळा लागला होता, चाळ बंद होती. पडवीत दोन्ही खुर्च्या मांडलेल्या होत्या. मी मनात धरून आले होते की आता हिचा आकडा तरी उतरलेला असेल; पुऱ्या अठ्ठावीस गोळ्या एकटीला, पहिल्यांदाच. मी डबा मागितला. तो हातात घेतल्याबरोबर वाजला. इतक्या महिन्यांत तो कधी वाजला नव्हता.

मी पट्ट्या बाहेर काढल्या. चौदा गोळ्या शिल्लक होत्या. बरोबर चौदा.

कॅलेंडर भिंतीवरच होतं. एका तारखेला कुंकू, एक तारीख कोरी. कुंकू, कोरी, कुंकू, कोरी.

"मावशी," मी म्हणाले, "आता रोज घ्यायच्या ना."

"माझ्या दिसाला मी घेते की," ती म्हणाली. "ह्या तिच्या हायत. तिच्या दिसाची मी घेतली तर तिची काढून खाल्ल्यासारखं हुईल. आधीच लय खाल्ली मी तिची. चिठ्ठी माझी निघाली."

मी तिचे दोन्ही हात धरले. मी ओरडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा असेल, पण ओरडता आलं नाही. मी तिला सांगितलं की चूक माझी होती. मी आक्काचा दंड परत पाठवला, यंत्र कपाटात ठेवलं, शुक्रवार म्हटलं आणि त्याआधी गुरुवार आला. मी तिला विनवलं, पाया पडते म्हणाले, तू पण गेलीस तर मी कुठे जाऊ, असं काहीबाही बोलले. तिला मी कधी अगं-तुगं केलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "बघू." तिच्या त्या बघूचा अर्थ नाही असा होता.

मग मी पेन काढलं. उरलेल्या गोळ्यांच्या रकान्यात चौदा लिहिलं. खाली कारण विचारलेलं असतं आणि खुणेसाठी चौकटी असतात: विसरले, त्रास झाला, बाहेरगावी होते, इतर. मी इतरवर खूण केली. पुढची ओळ कोरी ठेवली.

धाकटी खुर्चीत बसली. पाठ टेकली, पाय जमिनीला लावले, बांगड्या मागे सारून हात टेबलावर ठेवला. शेजारची खुर्ची रिकामी होती. मी घड्याळ लावलं. पाच मिनिटं गप्प बसायचं असतं. ती बसली. एकदाही मला घड्याळ परत लावावं लागलं नाही.